मैल कोणाच्या वहीत?

सायकलीने कापलेल्या अंतराची नोंद व्हावी, नोंदीचे गुण व्हावेत आणि त्या गुणांच्या मोबदल्यात एखाद्या दुकानातून तेवढ्या किमतीचा माल मिळावा, हा व्यवहार गेल्या दीडएक दशकात युरोप-अमेरिकेत चांगलाच रुळला आहे. सायकलस्वाराच्या खिशातील मोबाइल उपग्रहांच्या साहाय्याने मैल मोजतो, मैल खात्यावर चढतात आणि महिन्याअखेर काही रक्कम जमा दिसू लागते. ती रोखीने हाती पडत नाही. ठरलेल्या दुकानातून टायर, हातमोजे, दिवा असे काहीतरी घेऊनच ती संपवावी लागते. वरवर पाहता ही विक्रीची एक क्लृप्ती आहे आणि साहित्याच्या अभ्यासकांनी तिच्यापाशी थांबावे असे तिच्यात काही नाही.

आम्हांला मात्र येथे थांबावेसे वाटते. प्रवासाची नोंद हा गद्याच्या मूळ प्रकारांपैकी एक आहे. रोजनिशी, प्रवासवर्णन, पत्र हे सारे त्याच घराण्यातले. अनुभवाची नोंद कशी होते, नोंदीचा पुरावा कसा होतो आणि पुराव्याचे अखेर चलन कसे होते, हे एकाच वस्तूच्या इतिहासात पाहायचे असेल तर सायकलीइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. या इतिहासाच्या प्रत्येक टप्प्यावर मैल तोच राहिला आहे. बदलत गेली ती वही, आणि वही ज्याच्या हाती तो धनी. प्रस्तुत लेखात आम्ही या वहीच्या मालकीचाच मागोवा घेणार आहोत.

मैल मोजण्याची हौस सायकलीहून फार जुनी आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियस याने आपल्या स्थापत्यविषयक ग्रंथाच्या दहाव्या खंडात एका यंत्राचे वर्णन केले आहे. गाडीच्या चाकाला दातेरी चक्रे जोडायची. चाकाचे ४०० फेरे झाले की एक रोमन मैल पुरा होतो आणि त्या क्षणी एक खडा खालच्या धातूच्या भांड्यात पडतो. मैल पुरा झाल्याची खूण म्हणजे खडा पडल्याचा आवाज आणि दिवसभराचा हिशेब म्हणजे भांड्यातले खडे. ही नोंद प्रवाशाच्याच गाडीत राहते. ती कोणाला दाखवायची नसते, कोणाकडून काही मिळवायचेही नसते. आपण किती दूर आलो हे आपल्यालाच कळावे, एवढाच तिचा हेतू.

सायकलीला असे यंत्र स्वस्तात मिळाले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. अमेरिकेतील हार्टफर्ड येथील कर्टिस व्हीडर यांचा छोटेखानी अंतरमापक १८९५ च्या सुमारास बाजारात आला. पुढच्या चाकाच्या स्पोकवर बसवलेली एक खीळ दर फेऱ्याला त्याचा एक दाता पुढे ढकलते आणि आतली आकड्यांची चक्रे सरकतात, एवढीच त्याची रचना. सायकलच्या लाटेवर स्वार होऊन हे यंत्र घरोघरी पोहोचले. पुढे याच व्हीडरच्या वारसदार कंपनीने पेट्रोल पंपांसाठी मोजणीची यंत्रे बनवली. माणसाच्या पायांचे श्रम मोजणारे कौशल्य इंधनाची विक्री मोजू लागले. पुढील विवेचनात ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

अंतरमापकाने दिलेला आकडा आरंभी खासगीच होता. स्वार तो आपल्या रोजनिशीत लिही, मित्रांत थोडी बढाई मारी. परंतु आकडा एकदा लिहिला गेला की त्याला समाज हवा असतो. १८९० च्या दशकात अमेरिकेतील क्लबांनी शंभर मैलांच्या फेरीला, म्हणजे 'सेंच्युरी'ला, पदके द्यायला सुरुवात केली. पदकाखाली प्रत्येक नव्या शंभरीची एक पट्टी जोडता येई. वही आता क्लबाच्या हाती आली होती, आणि क्लब म्हटला की आत कोण आणि बाहेर कोण हा प्रश्न आलाच. अमेरिकेतील सायकलस्वारांच्या सर्वांत मोठ्या संघटनेने, 'लीग ऑफ अमेरिकन व्हीलमन'ने, १८९४ साली सदस्यत्व गोऱ्यांपुरते मर्यादित केले. त्या निर्णयाचा औपचारिक धिक्कार होण्यास १९९९ साल उजाडावे लागले. काळ्या स्वाराचा मैल गोऱ्या स्वाराच्या मैलाइतकाच लांब होता. वहीत त्याला जागा नव्हती, इतकेच.

मैल विकले जाऊ शकतात हेही याच काळात उघड झाले. १८९४ च्या जूनमध्ये बोस्टनहून ॲनी लंडनडेरी ही तीन मुलांची आई सायकलीवरून जगप्रवासाला निघाली. तिचे सासरचे आडनाव कोपचॉव्हस्की. 'लंडनडेरी' हे नाव तिने घेतले ते पाण्याच्या बाटल्या विकणाऱ्या एका कंपनीकडून. त्या कंपनीने आपली पाटी सायकलीवर मिरवण्याबद्दल तिला १०० डॉलर दिले होते. पुढे तिने आपल्या सायकलीवरची आणि अंगावरच्या कपड्यांवरचीही जागा जाहिरातदारांना विकली. एका मोठ्या पैजेपोटी आपण निघालो आहोत असे ती सांगे. ती पैज खरोखर लागली होती की नाही, याविषयी अभ्यासकांना दाट शंका आहे. प्रवासाचा मोठा भाग तिने बोटीने केला. परतल्यावर भारतात जर्मन राजघराण्यातील मंडळींसमवेत वाघांची शिकार केल्याच्या कथाही तिने रंगवून सांगितल्या. तिला खोटारडी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. आम्हांला तिच्यात प्रवासवर्णनाच्या वाचकाला चांगली परिचित असलेली एक व्यक्ती दिसते : अविश्वसनीय निवेदक. मैलांना किंमत आली की मैलांची कथा फुगू लागते आणि कथा फुगू लागली की साक्षीदाराची गरज भासते.

याच्या उलट टोकाचे उदाहरण मुंबईचे आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगारा हे तिघे १९२८ च्या मार्चमध्ये सुमारे ४४,००० मैलांचा प्रवास पुरा करून परतले. १९३१ साली त्यांचे इंग्रजी प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले. वाळवंट, बर्फ आणि जंगल यांतून साडेचार वर्षे सायकल हाकणाऱ्या या तरुणांच्या हाती अखेर जे आले ते एक पुस्तक. वही त्यांची, अक्षर त्यांचे आणि आकडाही त्यांचाच. तरीही दीर्घकाळ त्यांचे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. स्वतःची वही स्वतःजवळ ठेवण्याची ही किंमत असावी.

साक्षीची व्यवस्था पूर्णत्वाला गेली ती इंग्लंडमध्ये. 'सायक्लिंग' या साप्ताहिकाने १९११ साली वर्षभरात सर्वाधिक शंभऱ्या पुऱ्या करण्याची स्पर्धा जाहीर केली. मार्सेल प्लेन्स हा स्वार ३३२ शंभऱ्या करून ३४,३६६ मैलांनी विजयी झाला. येथून 'वर्षाचा विक्रम' ही कल्पना रूढ झाली. १९३८ साली बिली डोव्हे या तरुण स्त्रीने वर्षातील एकही दिवस न चुकवता २९,६०३.७ मैल सायकल चालवली. वाटेत भेटणाऱ्या लोकांच्या सह्या कार्डांवर घ्यायच्या आणि ती कार्डे साप्ताहिकाकडे धाडायची, असा तिचा शिरस्ता होता. सायकल रज-व्हिटवर्थ कंपनीने दिली होती, चॉकलेट कॅडबरीने पुरवले. सायंकाळी ती आरोग्य आणि व्यायाम यांवर व्याख्याने देई. आकड्यातील तो दशांश आम्हांला फार बोलका वाटतो. मैलाचा सात दशांशही सोडायचा नाही, हा काटेकोरपणा हिशेबनिसाचा आहे, आणि आपल्या श्रमाविषयी आस्था असणाऱ्या माणसाचाही.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १ जानेवारी १९३९ रोजी, टॉमी गॉडविन निघाला. आरंभी ले नावाच्या छोट्या कंपनीच्या सायकलीवर आणि नंतर रॅलीच्या सायकलीवर त्याने वर्षभरात ७५,०६५ मैल कापले. रोजची सरासरी २०५ मैलांहून अधिक पडते. सप्टेंबरात महायुद्ध सुरू झाले, रस्त्यावरचे दिवे विझले, स्वतःचा दिवाही झाकून चालवावा लागला. तरी तो थांबला नाही. १९४० च्या मे महिन्यात, ५०० दिवसांत, त्याने एक लाख मैल पुरे केले आणि त्यानंतर तो हवाई दलात गेला. युद्ध संपल्यावर त्याला हौशी स्वार म्हणून पुन्हा शर्यतीत उतरायचे होते. मित्रांनी त्याच्यासाठी अर्ज केला. परंतु ज्याने मैलांचे पैसे घेतले तो पुन्हा हौशी होऊ शकत नाही, असा निर्णय झाला.

या निर्णयातील निष्ठुरता उघडच आहे. हौशीपणाचा तो आग्रह ज्यांना पैशांची ददात नव्हती अशा वर्गाने घातलेला होता, हेही खरे. तथापि त्यामागे एक समज होती, जिची आज आठवण होणे अगत्याचे आहे. मैलाला दाम मिळाला की तो मैल वेगळ्या जातीचा होतो, अशी ती समज. १९४५ साली एका माणसाला ज्या कारणाने दाराबाहेर उभे केले गेले, तेच आज कामावर जाणाऱ्या कोणाही सायकलस्वारापुढे आमिष म्हणून ठेवले जाते. ऐंशी वर्षांत झालेला हा पालट साधा नाही.

हा पालट घडवला उपग्रहांनी. २००० सालच्या मे महिन्यात अमेरिकी सरकारने नागरी जीपीएसच्या संदेशांत मुद्दाम घातली जाणारी चूक काढून टाकली आणि सामान्य माणसाच्या हातातील यंत्राला त्याचा ठावठिकाणा काही मीटरांच्या अंतराने अचूक कळू लागला. २००९ साली सॅन फ्रान्सिस्को येथे सुरू झालेल्या स्ट्राव्हा या सेवेने स्वारांच्या अशा नोंदी एकत्र मांडल्या. आता सहीचे कार्ड नको, टपाल नको, वाटेवरचा अनोळखी साक्षीदारही नको. कर्ट सीअरव्होगेल या अमेरिकी स्वाराने २०१६ च्या जानेवारीत ७६,०७६ मैलांनी गॉडविनचा विक्रम मोडला, तेव्हा साक्ष उपग्रहांचीच होती. साक्षीदार आकाशात गेला आणि वही कंपनीच्या संगणकात. आपल्या प्रवासाचा मजकूर आपल्या पायांनी लिहिला जातो, पण तो ठेवला जातो दुसऱ्याच्या दप्तरात, ही स्थिती प्रवासनोंदीच्या इतिहासात अपूर्व आहे.

दप्तर दुकानदाराच्या उपयोगी पडणार हे उघड होते. प्रारंभीचे रूप साधे होते. रॅफा या लंडनच्या कापडनिर्मात्या कंपनीने २०१० साली २४ ते ३१ डिसेंबर या आठ दिवसांत ५०० किलोमीटर सायकल चालवण्याचे आव्हान दिले. सुरुवातीच्या वर्षांत ते पुरे करणाऱ्यास कापडी बिल्ला मिळे. बाजारात त्या बिल्ल्याला काहीच किंमत नव्हती. त्यासाठी लोक नाताळच्या थंडीत कुडकुडत बाहेर पडले. जुन्या क्लबाच्या पदकाचाच हा वंशज. पुढचे पाऊल म्हणजे बिल्ल्याच्या जागी सूट, आणि त्यापुढचे म्हणजे मैलागणिक खात्यात जमा.

सार्वजनिक पातळीवर हा प्रयोग नजरेत भरला तो इटलीतील बोलोन्या शहरात. २०१७ च्या एप्रिल ते सप्टेंबर या महिन्यांत तेथे 'बेल्ला मोस्सा' नावाची योजना राबवली गेली. नागरिकांनी पायी, सायकलीने किंवा बसने केलेल्या फेऱ्या मोबाइलवर नोंदवायच्या. त्यांचे गुण मिळत. गुण देऊन शहरातील दुकानांतून आइस्क्रीम, बिअर, सिनेमाचे तिकीट असे काही घेता येई. खासगी मोटारींची गर्दी आणि धूर कमी व्हावा हा हेतू, आणि तो स्तुत्यच होता. येथे वही नगराच्या हाती होती, दुकाने अनेक होती आणि शहराच्या हवेचा प्रश्न समोर होता. एकाच दुकानाने आपल्या मालासाठी उघडलेल्या खात्याशी या योजनेची सरसकट बरोबरी करणे अन्यायाचे होईल.

दुकानापुरत्या जमेला स्वतःचा इतिहास आहे आणि तो फारसा भूषणावह नाही. इंग्लंडमध्ये औद्योगिक क्रांतीच्या काळात अनेक मालक मजुरीऐवजी माल देत किंवा मालकाच्याच दुकानात चालणाऱ्या चिठ्ठ्या देत. दुकानातला माल महाग आणि निकृष्ट, पण मजुराला दुसरीकडे जाता येत नसे. १८३१ च्या 'ट्रक ॲक्ट'ने कारागिरांची मजुरी चालू नाण्यातच दिली पाहिजे असे बंधन घातले. अमेरिकेच्या कोळसा खाणींत मात्र कंपनीचे खासगी चलन विसाव्या शतकातही चालू राहिले. याला उत्तर म्हणून कामगारांनीच एक वेगळी वाट काढली. १८४४ साली रॉचडेल येथील विणकरांनी स्वतःचे सहकारी दुकान काढले आणि वर्षाचा नफा ज्याच्या-त्याच्या खरेदीच्या प्रमाणात सभासदांना परत देण्याची रीत घातली. वरवर पाहता खाणमालकाची चिठ्ठी आणि रॉचडेलचा लाभांश ही दोन्ही 'दुकानातील जमा'च. भेद एवढाच की रॉचडेलच्या वहीचे मालक तिच्यात ज्यांची नावे होती तेच होते.

मैलांच्या जमेची परीक्षा याच कसोटीवर व्हावी, असे आम्हांला वाटते. आजचा सायकलस्वार खाणमजुरासारखा बांधलेला नाही, हे मान्य. तो स्वखुशीने नोंद देतो, त्याला सोडून जाण्याची मुभा आहे. परंतु व्यवहाराची घडण ओळखीची आहे. चलन एकाच दारात चालते. त्याचा दर दुकान ठरवते आणि बदलते. मुदत उलटली की जमा बुडते. आणि न वापरलेली जमा ही दुकानाचीच बचत असते. शिवाय जमा खर्चायला आलेला गिऱ्हाईक पदरचे चार पैसे घालून जातो. दुकानाला मिळणारी सर्वांत मोलाची वस्तू मात्र निराळीच : हा मनुष्य कोठे राहतो, कोठे जातो, किती वाजता निघतो, याची रोजनिशी. २०१८ च्या जानेवारीत स्ट्राव्हाने प्रसिद्ध केलेल्या नकाशावरून सैनिकांच्या तळांचे आराखडे उघड झाल्याचे जगाच्या ध्यानात आले. धावणाऱ्या सैनिकांनी आपापला व्यायाम नोंदवला होता. दप्तर ज्याच्याकडे होते त्याने तो एकत्र करून छापला होता.

याहून वेगळा मार्ग युरोपातच उपलब्ध आहे. बेल्जममध्ये सायकलीने कामावर येणाऱ्या नोकरदारास किलोमीटरमागे भत्ता देण्याची आणि त्यावर करसवलत असण्याची पद्धत १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून आहे. १ मे २०२३ पासून तर ज्या खासगी आस्थापनांत अशी तरतूद नव्हती, त्यांनाही किलोमीटरला २७ सेंट या दराने, एका बाजूस कमाल २० किलोमीटरपर्यंत, भत्ता देणे बंधनकारक झाले. फ्रान्सने २०१४ साली सहा महिने प्रयोग करून २०१६ मध्ये किलोमीटरमागे २५ सेंटांचा भत्ता अधिकृत केला. पुढे त्याची जागा दुसऱ्या योजनेने घेतली. हा पैसा पगारासोबत येतो, कोणत्याही दुकानात चालतो आणि त्यासाठी अंतर एकदा मोजले की पुरते, कारण घर आणि कचेरी रोज जागा बदलत नाहीत. भत्ता हक्क म्हणून मिळतो, जमा बक्षीस म्हणून. हक्काला कोणी पाळत ठेवणारा लागत नाही.

आपल्याकडे सायकलीचा हिशेब निराळ्याच वह्यांतून झाला. भाड्याने सायकल देणाऱ्या दुकानदाराच्या वहीत मैल नसत, तास असत. नाव, गाडीचा नंबर आणि नेल्याची वेळ एवढीच नोंद. दुसरी वही नगरपालिकेची. महाराष्ट्रातील अनेक गावी सायकलीवर कर असे आणि तो भरल्याचा बिल्ला गाडीला लावावा लागे. म्हणजे सायकल चालवल्याबद्दल आपल्या लोकांनी पैसे मोजले आहेत. आणि दूधवाला, पेपरवाला, गिरणीतला कामगार, डबेवाला यांनी जे मैल आयुष्यभर कापले, ते कोणत्याच वहीत नाहीत. निकडीपोटी कापलेला मैल मोजावा असे कोणाला वाटले नाही, कारण त्याच्या स्वाराकडून विकत घेण्याजोगे काही उरत नव्हते. जमेच्या योजनांतही महागडा मोबाइल आणि खरेदीची ऐपत असलेल्याचाच मैल प्रथम मोजला जातो. १८९४ सालचे दार रंगावरून बंद होई. आजचे दार सर्वांना उघडे म्हटले जाते, फक्त उंबरठा उंच आहे.

शेवटचा प्रश्न प्रेरणेचा. एडवर्ड डेसी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना कोडी सोडवण्याचे पैसे दिले, काहींना दिले नाहीत. पैसे बंद झाल्यावर पहिल्या गटाची कोड्यांतील रुची घटलेली दिसली. या निष्कर्षाच्या व्याप्तीविषयी पुढे बरेच वाद झाले. अध्यापकांना मात्र त्यातील सत्य वर्गात रोज दिसते. अंतर्गत गुणांसाठी कादंबरी वाचणारा विद्यार्थी ती वाचतोच, पण गुण जिथे संपतात तिथे बहुधा कादंबरीही संपते. आणि विद्यार्थ्यांना तरी काय बोलावे? शोधनिबंधाला अमुक, चर्चासत्राला तमुक, असे गुण जमवत पदोन्नतीची पायरी चढणारे आम्हीही त्याच रांगेतले. तरीही आम्ही गुणांच्या विरोधात नाही. एखाद्याला गुणांपायी हाती आलेले पुस्तक पुढे जन्मभर पुरते, तसा एखाद्याला सवलतीपायी सायकलीचा नाद लागू शकतो. आमिषाने सुरुवात झाली म्हणून शेवटही आमिषातच व्हावा, असा नियम नाही.

म्हणून मैल मोजावे की मोजू नयेत, हा वाद आम्हांला गौण वाटतो. माणूस मोजणारच, खडा भांड्यात पडल्याचा आवाज त्याला दोन हजार वर्षे आवडत आला आहे. विचारायचे ते एवढेच : ही वही कोणाची? तिच्यातले पान आपल्याला फाडून घरी नेता येईल काय? तिच्यातील जमा दुसऱ्या दारात चालेल काय? आणि ज्यांचे मैल सर्वांत जास्त, त्यांचे नाव तिच्यात आहे काय? बिली डोव्हेच्या कार्डांवर वाटेवरच्या माणसांच्या सह्या होत्या. सही करणारा क्षणभर थांबत असेल, तिच्याकडे पाहत असेल, दोन शब्द बोलत असेल. आजच्या खात्यात रक्कम बिनचूक जमा होते, पण त्या सहीसाठी तिथे रकाना नाही.